अंकी आणि अक्षरी

आम्ही दोघे पेणच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकजण पेणचाच, तर दुसरी रोह्याहून एस. टी. ने येऊन-जाऊन असणारी. दोघांचीही चाळिशी उलटलेली, दोघांचेही एम. ए. मराठीतच झालेले, आणि संगणकाशी दोघांचाही संबंध प्रश्नपत्रिका टंकित करण्यापुरता आणि गुणतक्ते भरण्यापुरता. असे असता २०२१ च्या पावसाळ्यातील सहा आठवडे आम्ही एका तक्त्यापुढे बसून काढले, आणि त्यात आमच्या हातून जी चूक झाली ती आमच्या अभ्यासविषयाशी इतकी जवळची निघाली, की ती येथे मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते.

सुरुवात चक्रीवादळाने झाली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्या दुपारी आमच्या कार्यालयाच्या छपराचे काही पत्रे उडाले आणि आस्थापना विभागाच्या लोखंडी कपाटात पाणी शिरले. सुदैवाने सेवापुस्तके शाबूत राहिली. पण पुढचे काही दिवस ती रिकाम्या वर्गांतील बाकांवर उघडी करून ठेवलेली आम्ही पाहिली. टाळेबंदीमुळे वर्गात मुले नव्हती, आणि पंख्यांखाली माणसांच्या नोकऱ्या वाळत पडल्या होत्या. संस्थाचालकांनी त्यावरून जो बोध घ्यायचा तो घेतला. वर्षभरात एक मनुष्यबळ व्यवस्थापन प्रणाली विकत घेण्यात आली. महाविद्यालय आणि संलग्न शाळा मिळून १४३ कर्मचाऱ्यांची माहिती तीत भरायची होती. एकेक माणूस हाताने भरण्याऐवजी एक्सेलचा तक्ता तयार करून तो एकदम आत ओढून घेण्याची सोय होती. मुख्य लिपिकांनी तक्ता केला, प्रणालीने तो नाकारला, आणि ‘नावे मराठीत आहेत, तेव्हा मराठीच्या लोकांनी पाहावे’ या न्यायाने तो आमच्याकडे आला.

पहिल्या प्रयत्नात १४३ पैकी एकही ओळ आत गेली नाही. चुकांचा अहवाल मात्र नऊ पानांचा आला.

त्या अहवालाची भाषा आरंभी आम्हांला दुर्बोध वाटली, पण दोन-तीन दिवसांत तिचे व्याकरण ध्यानात आले. प्रत्येक वाक्यात तीनच पदे : ओळीचा क्रमांक, रकान्याचे नाव आणि दोष. कर्ता नाही, कारण नाही. कारण शोधणे हे वाचकाचे काम. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात परके असे काहीच नव्हते.

सर्वात मोठा गोंधळ नावांच्या रकान्यात होता. मुख्य लिपिकांनी जुन्या यादीतून जी मराठी नावे उचलली, ती युनिकोडपूर्व काळातील एका फॉन्टमध्ये टंकलेली होती. त्या पद्धतीत संगणकाच्या स्मरणात साठलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटा उतरतो. आमच्या कार्यालयातील यच्चयावत पाटील, म्हात्रे आणि ठाकूर प्रणालीच्या दारात उलटसुलट रोमन अक्षरांची रांग होऊन उभे राहिले होते. उपाय माहितीचा होता : परिवर्तकातून नावे युनिकोडमध्ये आणायची आणि मग एकेक डोळ्यांखालून घालायची, कारण असे परिवर्तक जोडाक्षरांत आणि रफारात हमखास अडखळतात.

ते झाल्यावर दुसरी गंमत पुढे आली. एका आडनावात ‘ऱ्ह’ होता. ते आडनाव दोन याद्यांत होते, दोन्हीकडे अक्षरशः सारखे दिसत होते, आणि तरीही प्रणाली म्हणत होती की ही दोन वेगळी नावे आहेत. आम्ही भिंग घेतल्यासारखे पाहिले तरी फरक दिसेना. अखेर कळले, की मराठीतला हा पापणीसारखा ‘र’ युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो : नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त करावे, किंवा साधा ‘र’ हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवावे. कागदावर दोन्हींचे रूप एकच. यंत्राच्या लेखी मात्र ते भिन्न शब्द. ‘ॲ’चेही तसेच. ते एक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येते, आणि ‘अ’वर अर्धचंद्र चढवूनही. ज्या वर्णांवरून मराठीची लिपी हिंदीहून वेगळी ओळखू येते, नेमक्या त्याच वर्णांपाशी आमची नावे दुभंगत होती.

मग मोकळ्या जागा. नावाच्या शेवटी राहिलेली एक रिकामी जागा माणसाला दिसत नाही, पण यंत्राला ती अक्षराइतकीच खरी. ती काढण्याचे सूत्र एक्सेलमध्ये आहे. तथापि वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरासोबत जी न तुटणारी रिकामी जागा येते, तिला ते सूत्र हात लावत नाही. तिला स्वतंत्रपणे शोधून बदलावे लागते. देवनागरी अंकांना प्रणाली संख्या मानत नव्हती. बँकेच्या शाखेच्या अकरा स्थानी संकेतांकात पाचवे स्थान नेहमी शून्याचे असते. तेथे अनेकांनी रोमन ‘ओ’ टंकला होता. शिवाय १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या, तेव्हा काहींचे संकेतांक मुळातच कालबाह्य झाले होते. जन्मस्थानाच्या रकान्यात जिल्हा निवडून द्यायचा होता आणि जुन्या सेवापुस्तकांत जिल्हा होता ‘कुलाबा’. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला, हे प्रणालीला कोणी सांगितलेले नव्हते. तिच्या यादीत कुलाबा नव्हता. म्हणून ही माणसे जन्मलीच नव्हती.

आमच्यापैकी जी रोह्याहून येते तिची स्वतःची ओळही नाकारली गेली होती. पॅन क्रमांकाचे पाचवे अक्षर हे व्यक्तीच्या आडनावाचे आद्याक्षर असते. तिचा पॅन लग्नापूर्वीचा, सेवापुस्तकातील नाव लग्नानंतरचे. एम. ए. चे प्रमाणपत्र पुन्हा माहेरच्या नावाचे. ‘नाव विसंगत’ एवढेच अहवालात लिहिले होते. ते वाचून ती हसली खरी, पण थोडा वेळ बोलली नाही.

बँक खात्यांच्या रकान्यात जे घडले ते येथे मुद्दाम नोंदवतो, कारण तो इशारा होता आणि आम्ही तो ओळखला नाही. एक्सेल संख्येचे पंधराच अंक अचूक जपते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून लिहिला, तर सोळाव्या अंकाच्या जागी ते मुकाट्याने शून्य ठेवते. आरंभीची शून्येही गळून पडतात, कारण संख्येच्या दृष्टीने त्यांना किंमत नाही. हे दोष चुकांच्या अहवालात आले नव्हते. एका बँकेच्या सर्वच खात्यांच्या शेवटी शून्य पाहून आम्हांला संशय आला, एवढेच. आम्ही रकाना ‘मजकूर’ या प्रकारात बदलला, पासबुकांवरून क्रमांक पुन्हा भरले आणि पुढे सरकलो. जे न सांगता बदलले असेल असे आणखी काय आहे, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

पण त्या दिवसांत आम्हांला एक प्रकारची धुंदी चढली होती. आम्ही जे करतो आहोत ती पाठचिकित्साच आहे, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. वर्गात आम्ही शिकवतो, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर नकलांगणिक पाठ बिघडत आले होते. अपपाठ, लेखकप्रमाद, प्रक्षेप या संज्ञा आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. येथे त्या सगळ्या हाताशी जिवंत सापडल्या होत्या. शून्याच्या जागी ‘ओ’ हा दृष्टिभ्रमाचा प्रमाद. एका ओळीचा मजकूर खालच्या ओळीत उतरला, तर तो ओळ गाळण्याचा प्रमाद. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना डॉ. वि. सी. सुखटणकरांनी जी शिस्त घालून दिली, तिचे नाव आम्ही त्या स्टाफरूममध्ये किती वेळा घेतले असेल! संगणकाचे काम मानव्यविद्यांच्या लोकांना जमते, किंबहुना त्यांनाच जमते, असा एक लेख लिहिण्याचेही ठरले होते.

अशात एके दिवशी प्रणालीच्या विक्रेत्याकडील एका तरुणाचा दूरध्वनी आला. तो म्हणाला, ‘सर, तुमच्या डेटात अकरा जणांची जन्मतारीख एकच दिसतेय. कुठे डिफॉल्ट व्हॅल्यू पडलीय का?’

आम्हांला हसू आवरेना. त्याला आम्ही सविस्तर समजावून सांगितले. महाराष्ट्रात एका पिढीची जन्मतारीख १ जून आहे. घरी जन्माची नोंद नसे. आईला आठवे ते एवढेच, की भात लावणीला आले होते किंवा पुराचे साल होते. शाळा जूनमध्ये उघडे. नाव घालताना गुरुजी मुलाकडे पाहत, वयाचा अदमास घेत आणि १ जून लिहून टाकत. ‘तेव्हा तुमचे बरोबर आहे,’ आम्ही म्हणालो, ‘ही डिफॉल्ट व्हॅल्यूच आहे, पण ती गुरुजींनी टाकलेली आहे.’ तरुण मनापासून हसला. त्याला हे ठाऊक नव्हते. फोन ठेवल्यावर आम्हांला बरे वाटले. एका तंत्रज्ञाला आपण समाजेतिहासाचा धडा दिला, असे आम्ही संध्याकाळी घरी सांगितलेदेखील.

तो कोणती तारीख पाहत होता, हे मात्र आम्ही त्याला विचारले नाही.

तारखांच्या रकान्यात एकंदर ८५ ओळी ‘तारीख अवैध’ म्हणून परत आल्या होत्या. आम्ही सेवापुस्तके मागवून त्या ८५ तारखा एकेक करून पुन्हा भरल्या. सगळा रकाना काही ठिकाणी डावीकडे, काही ठिकाणी उजवीकडे असा वेडावाकडा दिसत होता. नीटनेटकेपणाच्या हौसेने आम्ही तो मध्यभागी आणला. मग एके दुपारी, बाहेर भोगावती दुथडी भरलेली असताना, पडद्यावर अक्षरे उमटली : १४३ पैकी १४३ नोंदी यशस्वी. मुख्य लिपिकांनी चहा मागवला.

चहा घेऊन आले ते शिपाईमामा. तीसएक वर्षांची त्यांची नोकरी. पाणी भरण्यापासून परीक्षेच्या काळात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शिवण्यापर्यंत सगळे त्यांनी केलेले. श्रावणाआधीच्या दिवसांत संध्याकाळी ते गावातल्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या आखणीलाही जात. पेणमध्ये हात चांगला असलेला माणूस त्या दिवसांत रिकामा बसत नाही. त्यांचा हात चांगला होता.

महिन्याभराने मामा स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात घडी केलेला एक कागद होता. प्रणालीने पुढील बारा महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांची यादी आपोआप काढली होती, आणि कार्यालयाने तिच्यावरून प्रत्येकाला निवृत्तिवेतनाची कागदपत्रे गोळा करण्याविषयी पत्र दिले होते. मामांच्या पत्रात तारीख होती ३० एप्रिल २०२२.

‘सर, म्हंजे मी एप्रिललाच सुटनार का?’ मामांनी विचारले.

आम्ही त्यांना बसायला सांगितले. ते बसले नाहीत. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांची निवृत्ती दिवाळीनंतर होती. मुलीचे लग्न पुढच्या उन्हाळ्यात धरलेले. त्यासाठी पतपेढीत कर्जाचा अर्ज केला होता. तेथील लिपिकाने नवी तारीख पाहून हप्ते कमी केले, म्हणजे प्रत्येक हप्ता वाढवला. ‘तक्रार नाय,’ मामा म्हणाले. ‘कम्प्युटरात तसं हाय म्हंजे तसंच असंल. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल. फक्त इचारून घ्यावं म्हटलं.’

या वाक्याने आम्ही जेवढे हादरलो तेवढे त्या सहा आठवड्यांतील कुठल्याच अहवालाने हादरलो नव्हतो. एका माणसाला स्वतःच्या जन्माविषयी शंका आली होती, आणि ती आम्ही भरलेल्या तक्त्यामुळे.

त्यांचे सेवापुस्तक आम्ही काढले. कडेला वादळाच्या पाण्याचा डाग होता. पहिल्या पानावर जन्मतारीख होती : ०४/११/१९६२. आणि तिच्या खाली, फार पूर्वीच्या कोणा लिपिकाच्या वळणदार अक्षरात, तीच तारीख अक्षरी : चार नोव्हेंबर एकोणीसशे बासष्ट. प्रणालीत मामांची जन्मतारीख होती ११ एप्रिल १९६२.

खुलासा व्हायला मग फार वेळ लागला नाही. मुख्य लिपिकांनी तारखा अचूक भरल्या होत्या, आपल्या पद्धतीने : आधी दिवस, मग महिना. ती फाईल स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या रूपात आमच्याकडे आली. आम्ही ती स्टाफरूममधल्या संगणकावर दोनदा टिचकी मारून उघडली. त्या संगणकाची प्रादेशिक मांडणी कोणी कधी बदललेली नव्हती. ती अमेरिकी होती, आधी महिना, मग दिवस. एक्सेलने प्रत्येक तारीख त्या रीतीने वाचली. जेथे दिवस बारापेक्षा मोठा होता तेथे त्याला अर्थ लागेना, कारण पंचविसावा महिना नसतो. अशा नोंदी त्याने मजकूर म्हणून तशाच ठेवल्या, आणि त्या प्रणालीने नाकारल्या. जेथे दिवस बारा किंवा त्याहून लहान होता तेथे मात्र चुकीचा अर्थ बिनबोभाट लागला, आणि त्या नोंदी ऐटीत आत गेल्या. नाकारलेल्या ८५ तारखा मुळात बरोबर होत्या. स्वीकारलेल्या ५८ पैकी ५४ चुकीच्या होत्या; उरलेल्या चौघांचा दिवस आणि महिना एकच असल्यामुळे ते वाचले.

म्हणजे अहवालाने ज्यांना दोषी ठरवले ते निर्दोष होते, आणि ज्यांच्याविषयी तो गप्प होता ते बिघडलेले. आम्ही अहवाल वाचत राहिलो. तक्ता वाचला नाही.

खुणा होत्या. एक्सेलमध्ये खरी तारीख उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. तो वेडावाकडा रकाना आम्हांला नेमके हेच सांगत होता, आणि आम्ही तो सारखा करून पुरावा पुसून टाकला. आणि ते अकरा जण? ०१/०६ ही तारीख अमेरिकी रीतीने वाचली तर होते ६ जानेवारी. त्या तरुणाच्या पडद्यावर अकरा माणसे ६ जानेवारीला जन्मलेली दिसत होती. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. पत्रकार दिन म्हणून ती तारीख आमच्या विद्यार्थ्यांनासुद्धा पाठ असते. ती आम्ही एकदा ऐकली असती, तर तत्काळ थबकलो असतो. पण आमच्याजवळ एक सुंदर, खरे आणि अनेकदा सांगितलेले स्पष्टीकरण तयार होते. ते सांगण्याच्या भरात समोरची संहिता पाहायची राहून गेली.

आमची खरी चूक ती होती. संगणकाची प्रादेशिक मांडणी कोणाचीही चुकीची असू शकते. परंतु संदर्भ माहीत आहे म्हणून संहिता न पाहणे, ही आमच्या व्यवसायातली चूक आहे, आणि ती आम्ही वर्गातही करत असलो पाहिजे. कवितेचा काळ, कवीचे चरित्र, चळवळीचा इतिहास एवढा हाताशी असतो, की ओळीत प्रत्यक्ष कोणता शब्द आहे हे विद्यार्थ्याने विचारले तर आम्ही त्याला आधी पार्श्वभूमी सांगतो. त्या तरुणाचा प्रश्न बरोबर होता. त्याला उत्तर नको होते, पडताळणी हवी होती.

यात आम्ही एकटे नव्हतो, हे नंतरच्या वाचनात कळले. समाधान मात्र झाले नाही. मानवी जनुकांपैकी काहींची लघुनामे ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशा धर्तीची होती. एक्सेल त्यांना तारखा समजे, आणि शोधनिबंधांना जोडलेल्या तक्त्यांत जनुकांच्या जागी तारखा छापल्या जात. अखेर २०२० मध्ये जनुकांचे नामकरण पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलली. एक्सेलमध्ये असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय आली ती २०२३ मध्ये. त्याच २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून वगळली गेली. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते, आणि उरलेली माणसे काठावरून खाली पडली. तेथेही यंत्राने हाक मारली नव्हती.

एक्सेलच्या दृष्टीने तारीख ही मुळात संख्या असते. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला, आणि तेथून मोजणी. मामांची खरी जन्मतारीख म्हणजे २२,९५४, चुकीची, २२,७४७. त्या मोजणीतही एक दिवस खोटा आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, पण एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस मोजते. लोटस १-२-३ या आधीच्या लोकप्रिय प्रणालीत ती चूक होती, आणि तिच्या फाईली जुळाव्यात म्हणून ती जाणूनबुजून पुढे चालवली गेली. अपपाठ परंपरेने प्रमाण होतो, याचे याहून चोख उदाहरण आम्हांला कुठल्याही पोथीत मिळाले नसते. आणि १९०० पूर्वी? त्यापूर्वी तारीखच नाही. आमच्याच पेण तालुक्यातील गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनोबा, किंवा ज्यांचे घराणे रोह्याचे ते १४ जानेवारी १८९६ चे चिंतामणराव देशमुख, हे दोघेही त्या रकान्यात केवळ मजकूर म्हणून राहतात. विनोबांनी आपली प्रमाणपत्रे बडोद्यास आईसमोर चुलीत घातली होती. आमच्या प्रणालीत त्यांच्या ओळीवर किती दोष निघाले असते, याची आम्ही त्या दिवसांतही मोजदाद करून पाहिली. मन थोडे हलके करायला.

त्या रात्री मात्र हलके वाटत नव्हते. चतुर्थ श्रेणी कर्मचारी साठ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. एप्रिल आणि नोव्हेंबर यांच्यामध्ये मामांचे सात महिन्यांचे वेतन होते. अकरा १ जूनवाल्यांचे चार-चार महिने होते : महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणजे ते ३१ मेला सुटायचे, ते ३१ जानेवारीला सुटले असते. काहींना उलट काही महिने अधिक मिळाले असते, आणि पुढे कधीतरी कोणी लेखापरीक्षकाने ते वसूल केले असते. मामांनी विचारले म्हणून कळले. विचारले नसते तर?

दुसऱ्या दिवशी आम्ही प्राचार्यांना लेखी कळवले, की चूक आमची आहे. लिपिकांची नाही आणि प्रणालीचीही नाही. ते पत्र लिहायला वेळ लागला. पतपेढीला नवे पत्र गेले आणि मामांचे हप्ते पूर्ववत झाले. मग आम्ही कामाची रीत बदलली. फाईल टिचकीने उघडायची नाही; ‘डेटा’मधून मजकूर म्हणून आत घ्यायची आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार आपण ठरवायचा. तारीख लिहायची ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे दोन अर्थ संभवत नाहीत. मूळ फाईलला हात लावायचा नाही. दुरुस्ती प्रतीवर, आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद. आत गेलेल्या नोंदींतून शंभर टक्के पडताळणी, नाकारलेल्यांतून नव्हे. ही सूत्रे कोणत्याही संगणकतज्ज्ञाला बाळबोध वाटतील. आम्हांला ती १४३ माणसांच्या जन्मतारखा देऊन विकत घ्यावी लागली.

एक सूत्र मात्र त्या वळणदार अक्षराच्या लिपिकाकडून घेतले. सेवापुस्तकात जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशा दोन्ही रीतींनी लिहिण्याची पद्धत आहे. धनादेशावर रक्कम लिहितो तशी. आजवर आम्ही तिला सरकारी पाल्हाळ समजत होतो. अंक सुटसुटीत असतो, पण एक टिंब, एक तिरपी रेघ, एक स्थान सरकले की दुसराच होतो, आणि दुसरा झाल्यावरही तितकाच खरा दिसतो. ‘चार नोव्हेंबर’चे ‘अकरा एप्रिल’ करायला मात्र कोणाला तरी बसून खोटे लिहावे लागते. प्रणालीत अक्षरी तारखेला रकाना नाही. आम्ही आमच्या तक्त्यात तो वाढवला आहे. आत जाताना तो गळून पडतो, पण आमच्याकडे राहतो.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही १४३ जणांना एकेक करून बोलावले. कोणी प्रत्यक्ष आले, कोणी फोनवर. एकाने सेवापुस्तक वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचायची आणि तिसऱ्याने, म्हणजे ज्याची ती ओळ होती त्याने, ऐकायचे. ताळा जुळला की छापील ओळीवर त्याची सही. काम कंटाळवाणे होईल असे वाटले होते. पण माणसे आपली ओळ लक्ष देऊन ऐकत. कोणी वडिलांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारून घेतला. एका बाईंनी आपले माहेरचे नावही कुठेतरी लिहून ठेवा असे सांगितले. आमच्यातल्या रोहेकरणीने त्यासाठी लगेच एक रकाना केला, आणि त्यातली पहिली नोंद स्वतःची केली.

मामा ३० नोव्हेंबर २०२२ रोजी निवृत्त झाले. मुलीचे लग्न त्याआधी मे महिन्यात झाले. आम्ही दोघेही गेलो होतो. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्याविषयी बोलायला आम्हांला सांगितले होते, पण आम्ही ही हकीकत तेथे सांगितली नाही; ती सांगून त्यांचा दिवस आमचा करायचा नव्हता.

त्यांची सही केलेली ओळ अजून आमच्या कपाटात आहे. त्या ऑगस्टमध्ये ती त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी चष्मा मागवून घेतला आणि सही करण्यापूर्वी तारीख दोनदा वाचली. एकदा अंकी, एकदा अक्षरी.